ब्रॉन्कोस्कोपीच्या वेळी भूल किती आणि कोणती? बाहेरच्या बाकावरचे नेहमीचे प्रश्न

मी नागपुरात भुलेचं काम करते. आठवड्यातले दोन दिवस ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीत जातात, म्हणजे छातीचे डॉक्टर नाकातून किंवा तोंडातून दुर्बीण घालून फुप्फुसाच्या नळ्या तपासतात तिथे. रुग्ण भंडारा-गडचिरोलीपासून पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे. बोली बदलते, प्रश्न तेच राहतात. ते साधारण ज्या क्रमाने विचारले जातात त्याच क्रमाने इथे लिहिलेत. तुमच्या आजाराप्रमाणे आणि वयाप्रमाणे उत्तर थोडं बदलेल, म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलणं टाळू नका.

“मले काईच कळ्ळं नाई पायजे बाप्पा, पुरं बेहोश करून टाका.” असं का करत नाही?

दहातले सात जण हेच म्हणतात. मागणी चुकीची नाही, पण ती दुसऱ्या ऑपरेशनांवरून आलेली असते. पित्ताशयाच्या ऑपरेशनात सर्जन पोटात असतो आणि श्वासाची वाट पूर्ण माझ्या ताब्यात असते. मी नळी घालते, मशीन लावते, विषय संपला. ब्रॉन्कोस्कोपीत छातीच्या डॉक्टरांना जायचंय तीच वाट मला सांभाळायची असते. मोठ्या माणसाची श्वासनळी दीड-दोन सेंटिमीटर रुंद. त्यात पाच-सहा मिलिमीटरचा स्कोप शिरतो, तो मधूनमधून आतली हवा आणि स्राव ओढून घेतो, आणि उरलेल्या जागेतून तुम्ही श्वास घेत असता.

अशा वेळी झोप जास्त गाढ झाली की जीभ मागे पडते, श्वास उथळ होतो आणि ऑक्सिजन घसरतो. निरोगी माणूस ते सहन करतो. पण ब्रॉन्कोस्कोपी निरोगी माणसाची होतच नाही. ज्याचं फुप्फुस आधीच बिघडलंय त्याचीच होते. म्हणून ‘जेवढी जास्त भूल तेवढा जास्त आराम’ हा हिशेब इथे बसत नाही.

मग झोप किती असते?

पुस्तकात चार पायऱ्या दिलेल्या असतात. पहिलीत माणूस जागा, फक्त धडधड कमी झालेली. दुसरीत डोळे मिटलेले, पण “काकू, जीभ बाहेर काढा” म्हटलं की काकू जीभ बाहेर काढतात. तिसरीत हाक ऐकू येत नाही, चांगलं हलवावं लागतं, आणि श्वासाला मदत लागू शकते. चौथी म्हणजे पूर्ण भूल.

प्रत्यक्षात मात्र या पायऱ्या नसून उतार आहे. दोन मिलिग्रॅम मिडाझोलामने एखादा तिशीतला दादा नुसता गप्पा कमी करतो आणि पंच्याहत्तरीच्या आजी थेट तिसरीत जातात. म्हणूनच जो दुसऱ्या पायरीची गुंगी देतो त्याला तिसरीतून माणूस परत आणता आला पाहिजे. साध्या तपासणीसाठी आम्ही बहुतेकदा दुसरीवर थांबतो.

नुसता घशात स्प्रे मारून होते म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक याच भागाचं होतं. लोक इंजेक्शनचं नाव विचारतात. स्प्रेचं कोणी विचारत नाही.

आतली खोकल्याची कळ स्वरयंत्रावर आणि श्वासनळी जिथे दोन भागांत फुटते त्या टोकावर असते. ती बधिर नसेल तर वरून कितीही झोप द्या, माणूस झोपेतही खोकतो. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी एका माणसाच्या श्वासनळीत अडकलेलं हाड सरळ, कडक नळीतून काढलं, तेही कोकेनने घसा बधिर करूनच. आज आपण वापरतो ते लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी तयार केलं. वाकणारी दुर्बीण जपानच्या शिगेतो इकेदा यांची, १९६० च्या दशकातली. म्हणजे बधिर करायची युक्ती या दुर्बिणीहून जुनी.

होतं असं. आधी नाकात जेल. मग घशाच्या मागे स्प्रे. तो कडू असतो, चांगलाच कडू. मिनिटभरात घसा सुजल्यासारखा वाटतो, थुंकी गिळता येत नाही, आणि इथेच बरेच जण घाबरून “श्वास अडकला” म्हणतात. श्वास अडकलेला नसतो, गिळल्याचं कळेनासं झालेलं असतं. थुंकी बाजूच्या ट्रेमध्ये सोडा आणि नाकाने श्वास घेत राहा. नंतर स्कोपमधूनच स्वरयंत्रावर आणि आत पुढे थोडं थोडं औषध सोडत जातात. काही डॉक्टर गळ्याच्या पुढच्या बाजूने बारीक सुईने श्वासनळीत लिग्नोकेन देतात. बघायला भीती वाटते, पण एक मोठा खोकला येतो आणि औषध वरखाली सगळीकडे पसरतं. वाफेच्या मशीनमधून लिग्नोकेन देण्याचा मात्र विशेष फायदा होत नाही, उगाच डोस वाढतो.

डोस मोजावा लागतो, कारण हे औषध रक्तातही उतरतं. वजनाच्या दर किलोला सात-आठ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. पन्नास किलोच्या बाईला म्हणजे साडेतीनशे ते चारशे मिलिग्रॅम. दहा टक्क्यांच्या स्प्रेचा एक फवारा दहा मिलिग्रॅमचा, दहा फवारे मारले की शंभर तिथेच संपले. दोन टक्क्यांचं दोन मिली आत सोडलं की आणखी चाळीस. आमची सिस्टर पांढऱ्या बोर्डावर काड्या मारत बसते ती यासाठी. ओठ झिणझिणणं, तोंडात लोखंडासारखी चव, कानात आवाज, असं काही झालं तर हात वर करून सांगा. जास्त झाल्याची पहिली खूण तीच.

नुसत्या स्प्रेवर कोणाचं काम होतं? ज्याच्या बेडक्यात काही सापडत नाही पण टीबीची शंका आहे, आणि फक्त आत पाणी सोडून ते परत ओढून सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीला, पाठवायचंय, त्याचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. फुप्फुस फारच अशक्त असलेल्यांचंही बऱ्याचदा असंच करतो. पण ज्याला झोपेचं औषध देता येण्यासारखं आहे आणि भीतीही आहे, त्याला “सहन करा” म्हणून टेबलावर झोपवणं मला पटत नाही.

मिडाझोलाम आणि फेंटानिल ही जोडी कशी असते?

सगळीकडे सर्वांत जास्त चालणारी. मिडाझोलामने भीती जाते आणि त्या वेळचं फारसं आठवत नाही. फेंटानिलने खोकला आणि दुखणं दबतं. सुई टोचल्यापासून दोन-तीन मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि अर्धा ते एक तास टिकतो. मिडाझोलामची सुस्ती त्याहूनही जास्त रेंगाळते.

जोडीची गंमत आणि धोका एकच. दोन्ही एकमेकांचा जोर वाढवतात. एकेकटी जेवढी दिली असती तेवढीच दोन्ही मिळून दिली तर श्वास मंदावणार. म्हणून थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं. घाई करणाऱ्याच्या हातात ही जोडी देऊ नये.

मोठा फायदा म्हणजे दोन्हीला उतारा आहे. मिडाझोलामला फ्लुमाझेनिल, फेंटानिलला नालोक्सोन. मात्र फ्लुमाझेनिलचा असर आधी ओसरतो आणि मिडाझोलाम अंगात उरलेलं असतं. त्यामुळे उतारा दिलेला रुग्ण ‘उठला, चला घरी’ असं करता येत नाही, तो पुन्हा झोपी जाऊ शकतो. फेंटानिल अफूच्या जातीचं, त्यामुळे रिकामी अँप्यूलसुद्धा परत करून वहीत सही होते. टेबलाशेजारी आम्ही फुटक्या काचा मोजताना दिसलो तर दचकू नका.

म्हाताऱ्या माणसांत कधी कधी मिडाझोलाम उलटं फिरतं. शांत व्हायच्या ऐवजी आजोबा उठून बसतात, सलाइन ओढतात. त्यावर आणखी डोस देणं हा उपाय नाही.

“ते दुधासारखं इंजेक्शन” चांगलं की वाईट?

प्रोपोफॉल. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातल्या बलकाचा घटक यांत घोळलेलं असतं म्हणून पांढरं. टोचताना हातात आग होते, त्यात खोटं काही नाही. पण अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप येते आणि थांबवलं की पाच-दहा मिनिटांत माणूस टवटवीत उठतो. मिडाझोलामवाला जांभया देत असतो तेव्हा प्रोपोफॉलवाला “चहा मिळेल का” विचारत असतो.

मग सगळ्यांना हेच का नाही? कारण गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यातलं अंतर या औषधात फार थोडं आहे. दोन मिली जास्त गेलं की श्वास थांबू शकतो, बीपी पडतं, आणि याला उतारा नाही. माणूस शुद्धीवर येईपर्यंत आपणच श्वास द्यायचा. मायकेल जॅक्सन २००९ मध्ये याच औषधाने गेला हे लोकांना ठाऊक असतं आणि नातेवाईक दबक्या आवाजात विचारतातही. ते औषध घरच्या बेडरूममध्ये, नीट देखरेखीशिवाय झोपेसाठी दिलं गेलं होतं. दोष औषधाचा नाही, जागेचा आणि पहाऱ्याचा. प्रोपोफॉल द्यायचं तर देणारा भुलेतला जाणता हवा आणि त्या वेळात त्याला दुसरं कुठलंही काम नको.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट. पंचेचाळीस अंशांत रिकाम्या पोटी प्रवास करून आलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. त्याला प्रोपोफॉल दिलं की बीपी धाडकन खाली येतं. म्हणून उन्हाळ्यात सलाइनची बाटली आधी चढते.

डेक्समेडेटोमिडीन नावाचं नवीन औषध आहे म्हणे?

तितकं नवीन नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये आयसीयूसाठी मान्यता मिळाली, तपासण्यांसाठी २००८ मध्ये. याची झोप वेगळी असते. हाक मारली की माणूस डोळे उघडतो, सांगितलेलं करतो आणि परत झोपतो. श्वासाला ते फारसं हात लावत नाही. मिडाझोलामशी तुलना केलेल्या अभ्यासांत याच्यासोबत ऑक्सिजन कमी वेळा घसरलेला दिसतो. ज्याचं फुप्फुस काठावर आहे त्याच्यासाठी मला हे आवडतं.

पण किंमत नाडीत मोजावी लागते. ठोके पंचेचाळीस-चाळीसवर येतात, बीपीही खाली सरकतं. हृदयाच्या वाहिन्यांत ब्लॉक नव्हे, ठोक्यांच्या विजेच्या वाटेत ब्लॉक असलेल्यांना, किंवा ठोके कमी करणारी गोळी चालू असलेल्यांना जपून. शिवाय घाईच्या ओपीडीत हे बसत नाही. पहिला डोस पंपातून दहा मिनिटं सावकाश द्यावा लागतो आणि नंतरही गुंगी हळू उतरते. एकट्याने खोकला पुरता दबत नाही. बरोबर थोडं फेंटानिल आणि नीट केलेला स्प्रे लागतोच.

केटामाइन?

बीपी टिकवतं, श्वास चालू ठेवतं, नळ्याही थोड्या उघडतं, म्हणून दमेकऱ्याला सोयीचं. पण लाळ वाढवतं, जी दुर्बीणवाल्यांना नकोच असते, आणि उठताना काहींना विचित्र स्वप्नं पडतात. मी एकटं क्वचितच वापरते, प्रोपोफॉलसोबत थोडंसं देते. रेमिमाझोलाम या मिडाझोलामच्या झटपट उतरणाऱ्या भावाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्याची परीक्षा ज्या तपासण्यांवर झाली त्यात ब्रॉन्कोस्कोपीही होती.

डॉक्टरांनी ‘ईबस’ लिहून दिलंय. त्याला जास्त भूल लागते का?

बहुधा हो. ईबसच्या स्कोपच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असतं, म्हणून तो जाड. नाकातून सहसा जात नाही, तोंडातूनच घालतात. छातीच्या मधल्या गाठींत सुई घालायची, तीही अनेकदा. अर्धा-पाऊण तास सहज जातो. एवढा वेळ नुसत्या स्प्रेवर कोणी पडून राहील अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

चांगली गुंगी किंवा पूर्ण भूल, दोन्ही चालतं. दोन्हींची तुलना झालीय, आणि निदान हाती लागण्यात फारसा फरक पडत नाही असंच दिसलंय. फरक पडतो तो रुग्णाच्या आरामात, डॉक्टरांच्या निवांतपणात आणि बिलात. दोनच गाठी, शांत स्वभावाचा माणूस असेल तर मी गुंगीवर भागवते. सगळ्या बाजूंच्या गाठी तपासायच्या असतील तर घशात मऊ मास्क बसवून पूर्ण भूल देते आणि स्कोप त्या मास्कमधूनच जातो.

पूर्ण भूल टाळताच येत नाही असं कधी होतं?

लहान मुलांत जवळजवळ नेहमी. ज्याच्या श्वासनळीत शेंगदाणा गेलाय असं दोन वर्षांचं पोर स्प्रेला हो म्हणत नाही. सरळ कडक नळीची ब्रॉन्कोस्कोपी असेल तर मोठ्यांनाही पूर्ण भूलच. आत जाळी बसवायची असेल, गाठ जाळून वाट मोकळी करायची असेल, फुप्फुसाचा तुकडा गोठवून काढायचा असेल किंवा रक्त फार येत असेल, तेव्हा श्वासाची वाट पूर्ण ताब्यात घेतल्याशिवाय हात लावू नये.

आमच्याकडे सुपारीचे तुकडेही निघतात. हसताना, बोलताना तोंडातली सुपारी उजवीकडच्या नळीत जाते, माणूस महिनोन्‌महिने ‘दमा’ म्हणून पंप घेत राहतो. डावीपेक्षा उजवी नळी जास्त सरळ आणि रुंद, म्हणून बहुधा तिकडेच.

मी खर्रा खातो. हे भुलेच्या डॉक्टरला सांगायचं का?

सांगायचंच, आणि बायको-मुलांसमोर लाज वाटत असेल तर मला बाजूला बोलावून सांगा.

विदर्भात हा प्रश्न बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात धरला की आतलं कातडं ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. मी आधी तीन बोटं उभी धरून रुग्णाच्या तोंडात जातात का बघते. एकदा चाळिशीतल्या एका ट्रकचालकाच्या तोंडात माझं एक बोट जेमतेम गेलं. कागदावर ‘ईबस, गुंगीत’ असं लिहिलेलं. जाड स्कोप तोंडातून जाणार कुठून? आणि गुंगीत श्वास मंदावला असता तर मास्क किंवा नळी बसवायला मला वाटच नव्हती. त्या दिवशी ते रद्द केलं. नंतर बारीक स्कोप नाकातून, स्प्रेवर आणि अगदी थोड्या डेक्समेडेटोमिडीनवर, त्याला जागं ठेवूनच केलं. म्हणजे कुठलं औषध हे ठरवायला त्या माणसाचा जबडा पुरेसा होता. रिपोर्टांची फाईल उघडावीच लागली नाही.

तपासणीच्या सकाळी खर्रा, बिडी, तंबाखू काहीही नको. दारू रोजची असेल तर तीही सांगा. अशांना मिडाझोलामचा नेहमीच्या डोसात असर होत नाही, आणि वाढवत गेलं की एकदम होतो.

सिकलसेल आहे. भूल चालेल?

चालते, पण तयारी वेगळी. पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे, तरी फॉर्मवर ‘इतर आजार: नाही’ असंच लिहिलेलं सापडतं. ऑक्सिजन कमी होणं, अंगातलं पाणी आटणं, थंडी वाजणं, या तिन्हींनी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कळा सुरू होतात. ब्रॉन्कोस्कोपीची एसी खोली आणि उपाशीपोट म्हणजे तिन्हींची सोय. म्हणून अशा रुग्णाचा नंबर सकाळी पहिला, सलाइन आधीपासून, अंगावर ब्लँकेट, ऑक्सिजन सुरुवातीपासून, आणि गुंगी शक्य तेवढी हलकी. नुसते वाहक असाल तर एवढी काळजी नसते, तरी कार्ड घेऊन या.

घोरतो, वजन जास्त आहे…

घोरताना मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर नक्की सांगा. गुंगीत हाच प्रकार दुपटीने होतो. घरी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) असेल तर सोबत आणा.

किती तास उपाशी? सकाळी नुसता चहा घेतला तर?

दुधाचा चहा म्हणजे पेय नाही, जेवणच समजा. साधं खाणं आणि दूध यांसाठी सहा तास, तेलकट-मटणासाठी आठ. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं आणि उन्हाळ्यात ते प्यावं असंच मी सांगते. संत्र्याचा रस ‘पातळच तर आहे’ म्हणून पितात, पण त्यात गर असतो, म्हणून तो नको. आदल्या रात्री सावजीचं जेवण टाळा. पोट जड राहतं, आंबट वर येतं, आणि घसा बधिर असताना ते वर आलेलं श्वासात गेलं तर अडवणारा खोकलाच नसतो.

एकदा नातेवाईकांनी “रात्रीपासून उपाशी” असं छातीठोकपणे सांगितलं आणि रुग्णाच्या मिशीला तर्री लागलेली होती. येताना चौकात पोहे झाले होते. नंबर दुपारवर गेला. ते रागावले, पण रागावलेलं परवडलं.

रोजच्या गोळ्यांचं काय?

बीपीची गोळी बहुतेकदा घोटभर पाण्यासोबत घ्यायची. साखरेची गोळी आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेऊ नका, वेळ विचारून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी बायोप्सी असेल तर आधी काही दिवस थांबवावी लागू शकते, पण मनाने कधीच नाही, स्टेंट बसवलेला असेल तर मुळीच नाही. वजनासाठीचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. हार्ट अटॅक नुकताच येऊन गेला असेल तर साधारण महिनाभर तपासणी पुढे ढकलतात. दम्याचा पंप खिशात ठेवा, आत जाण्याआधी मारायचाय.

मध्येच श्वास बंद पडला तर?

हा प्रश्न लोक शेवटी, निघता निघता विचारतात. तो पहिला असायला हवा.

बोटाला लावलेल्या चिमट्याचा आवाज ऐका. ऑक्सिजन ठीक असेल तर ‘टिक’ उंच स्वरात येते. घसरायला लागला की स्वर खाली येतो. मला स्क्रीनकडे न बघताही कळतं. ऑक्सिजन नाकातून चालूच असतो. स्वर उतरला की मी हनुवटी वर उचलते, स्कोप थांबवायला किंवा बाहेर घ्यायला सांगते, ऑक्सिजन वाढवते, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. नाही संपली तर मास्कने श्वास, उतारा असेल तर उतारा, त्यापुढे नळी. हे सगळं सामान टेबलापासून हाताच्या अंतरावर उघडून ठेवलेलं असावं लागतं, कपाटात कुलपात नव्हे.

चिमटा थोडा उशिरा बोलतो. श्वास थांबला तरी रक्तातला साठा काही काळ पुरतो. म्हणून गाढ गुंगीत उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी रेघ चांगली. ती लगेच सपाट होते. नखांवरचं पॉलिश आणि काळी मेंदी काढून या, चिमट्याला आरपार दिसावं लागतं.

मोठी गुंतागुंत शंभरात एकाहूनही कमी जणांत होते. तो एक कोण हे आधी कळत नाही, म्हणून तयारी शंभरही जणांसाठी.

भूलतज्ज्ञ असायलाच हवा का? त्याची फी वेगळी लागते.

पहिल्या-दुसऱ्या पायरीची गुंगी अनुभवी छातीचे डॉक्टर स्वतः देतात आणि जगभर देतात. त्याला माझी हरकत नाही. एका गोष्टीला आहे. दुर्बिणीत डोळे असलेला माणूस तुमच्या छातीकडे बघू शकत नाही. म्हणून ज्याचं काम फक्त तुमच्याकडे बघणं आहे असा एक प्रशिक्षित माणूस खोलीत हवा, मग तो भूलतज्ज्ञ असो वा सिस्टर. “कुठलं औषध देणार?” याआधी “डोक्याशी कोण उभं राहणार?” असं विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरीकडे चौकशी करायला हरकत नाही.

प्रोपोफॉल, ईबस, अशक्त हृदय, फार कमी ऑक्सिजन, न उघडणारं तोंड, यांपैकी काही असेल तर भूलतज्ज्ञ बोलवाच.

खर्च कशाने वाढतो?

औषधांनी नाही. मिडाझोलाम, फेंटानिल, प्रोपोफॉल ही जुनी, स्वस्त औषधं. बिल वाढतं ते भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं आणि नंतरच्या तासांच्या बेडमुळे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दोन दवाखान्यांत चौकशी केली तर आकडे वेगळे येतील. ‘भुलेसकट का?’ हे मात्र दोन्हीकडे विचारा. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं हे पर्यायही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची तपासणी बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

नंतर खायचं कधी, आणि गावी परत कधी?

घसा बधिर असेपर्यंत काही नाही, साधारण दोन तास. मग चमचाभर पाणी. ठसका लागला नाही तर पुढचं. ठसका लागला तर अजून थांबा.

इंजेक्शन घेतलं असेल तर चोवीस तास गाडी नाही, शेतात मोटर-थ्रेशर नाही, कागदांवर सही नाही. गडचिरोली इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. दुपारी तपासणी आणि संध्याकाळच्या एसटीने एकट्याने परत, असा बेत करू नका. सोबत एक धडधाकट माणूस हवा, रात्री नागपुरात थांबता आलं तर उत्तम. नुसत्या स्प्रेवर झालं असेल तर घसा मोकळा झाला की जाऊ शकता.

त्या रात्री थोडा ताप, बेडक्यात रक्ताच्या रेघा, बसलेला आवाज, हे चालतं. छातीत एका बाजूला टोचून दम लागत असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या पडत असतील तर सकाळची वाट बघू नका.

डॉक्टरांनी आईला सगळं समजावलं, पण तिला काहीच आठवत नाही. मेंदूला काही झालं का?

नाही, ती मिडाझोलामची करामत. डोळे उघडे, माना हलवतात, “हो जी, हो जी” म्हणतात, आणि त्यातलं काहीही साठत नाही. म्हणून निकाल आणि गोळ्यांचं वेळापत्रक सोबतच्या माणसाला सांगायचं, कागदावर लिहून घ्यायचं.

तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही काय घ्याल?

साधी तपासणी असेल तर घसा मन लावून बधिर केलेला, एक मिलिग्रॅम मिडाझोलाम आणि थोडं फेंटानिल. ईबस असेल तर प्रोपोफॉल, आमच्याच खोलीतल्या एका सिनियर सरांच्या हातून. ते बोलत नाहीत, फोन बाहेर ठेवून येतात, आणि पूर्ण वेळ एक हात रुग्णाच्या हनुवटीखाली ठेवतात.